एम्बेड टॅग ग्राह्य धरण्याबाबत

पान पास झालं. चुका शून्य. आणि माझे वडील रोह्याच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये खुर्चीत बसल्या बसल्या गेले.

यातलं काही झालेलं नाही. वरच्या ओळी वाचल्याच नाहीत असं धरून चाला. मीही तसंच धरून चालतो आणि माझं बरं चाललंय. तर, नव्व्याण्णव सालचा उन्हाळा आहे, बाबा जिवंत आहेत आणि पेणला रामवाडीतल्या आमच्या पडवीत चहाची कपबशी दोन्ही हातांनी धरून बसलेत. एका हाताने धरली की ती वाजते.

बाबांचं नाव जनू. काम डोळ्यांचं, म्हणजे गणपतीच्या. मूर्ती साच्यातून निघते, घासली जाते, तिला रंग लागतो, दागिने चढतात आणि सगळ्यात शेवटी डोळे काढतात. त्याला आखणी म्हणतात. कान्हूशेठच्या कारखान्यात आखणी बाबांकडे होती. ते आखणीला बसले की रेडिओ बंद व्हायचा आणि कान्हूशेठ स्वतः मालक असूनही चपला हातात घेऊन चालायचे.

त्या कारखान्याची एक रीत होती. पेणमधल्या सगळ्या कारखान्यांची असेल असं नाही. पहिल्या डोळ्याला ब्रश लागला की दुसरा पुरा होईस्तोवर आखणीवाल्याने उठायचं नाही आणि आसपास कोणी बोलायचं नाही. मध्येच लाईट गेली तर मूर्तीच्या तोंडावर पंचा टाकायचा आणि तिथंच बसून राहायचं. पंचा ज्याने टाकला त्यानेच काढायचा. एका डोळ्याने देवाने कोणाला बघू नये, एवढंच कारण. अर्धवट बघून त्याचं मत अर्धवट व्हायचं.

एकदा दुपारभर लाईट नव्हती. बाबा दुपारभर बसले. आईने डबा आणून मांडीवर ठेवला तर तोही त्यांनी तसाच मांडीवर ठेवला. मी तेव्हा शाळेत होतो. बापाला भेटायला म्हणून गेलो आणि त्याच्या पाठीला भेटून आलो.

मागच्या हंगामात बाबांचा हात कापायला लागला. एका मूर्तीची डावी बाहुली जराशी घसरली आणि तो गणपती उंदराकडे संशयाने बघायला लागला. मूर्ती खपली. गिऱ्हाईक म्हणालं, चेहरा फार बोलका आहे. पण कान्हूशेठनी बाबांना आखणीवरून काढून रंग कालवायला बसवलं. पेणच्या डॉक्टरांनी हात बघितला आणि म्हणाले, छातीचंही बघून घ्या. बाबा म्हणाले, गणपती झाले की बघू.

"रंग कालवायला हात कापणारा बराच," ते आईला म्हणाले. "वेगळं ढवळावं लागत नाय."

"हसताय कशाला अवो?" आई म्हणाली.

"मग काय करू गो सरू? रडताना पण हात लागतो डोळ्याला."

मी तेव्हा रोज सकाळच्या पॅसेंजरने रोह्याला जायचो. कासू, नागोठणे, निडी अशी एकेक स्टेशनं शांतपणे येऊ द्यायची, मग रोहा. तिथे दिनानाथ सरांचा क्लास होता. सरांचं आयुष्य टायपिंगची इन्स्टिट्यूट चालवण्यात गेलेलं. कॉम्प्युटर म्हणजे आवाज न करणारा टाइपरायटर, असं त्यांचं पक्कं मत. मी कंपन्यांमधल्या स्टोअरकीपर लोकांना टॅली शिकवायचो. ते शिफ्ट संपवून यायचे आणि शिकता शिकता झोपायचे. क्लासमध्ये इंटरनेट होतं, म्हणजे फोन होता. मॉडेम मुंबईला एसटीडी लावायचा, अर्धा मिनिट किंचाळायचा आणि मग जग एकेका ओळीने खाली उतरायचं.

त्या जगाच्या पलीकडच्या टोकाला हैबतराव होते. ते मूळचे नागोठण्याकडचे, आता कॅनडात. तिथल्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी. दरवर्षी मंडळाची मूर्ती कान्हूशेठकडून पेंढ्यात बांधून जायची. यंदा हैबतरावांच्या डोक्यात आणखी एक आलं. बर्फाच्या देशात सगळ्यांना हॉलवर येणं जमत नाही, तर इंटरनेटवर मंडळाचं पान करावं, चतुर्थीला ते उघडावं आणि त्यात गणपतीने डोळे उघडावेत. हॉलमध्येही मोठ्या पडद्यावर तेच दाखवावं. डोळे पेणच्याच माणसाने काढलेले हवेत आणि त्या माणसाचं नाव खाली येईल.

कान्हूशेठ आमच्या पडवीत येऊन म्हणाले, "जनूभाऊ, डोळे तुम्ही काढा, पोरगा हलवील. कागदावर चुकलं तर कागद फाडता येतो."

बाबांनी बशी खाली ठेवली. तिचं वाजणं थांबल्यावर म्हणाले, "एक जोडी. चार लोकांसमोर एक जोडी उघडली ना, की मग रंग सोडा, चुना कालवीन."

यात काय पणाला लागलं होतं ते सांगून टाकलं. तुम्हाला शोधत बसायला नको.

रोज सकाळी चहानंतर बाबांचा हात थोडा वेळ गप्प असायचा. तेवढ्यात ते बटरपेपरवर एक चित्र काढायचे. पापणी मिटलेली, पापणी जराशी उचललेली, त्याहून जराशी. मी ते गुंडाळून पॅसेंजरने रोह्याला न्यायचो, स्कॅन करायचो आणि फ्लॅश नावाच्या चित्रं हलवायच्या प्रोग्राममध्ये एकामागे एक लावायचो. फ्लॅश एका मासिकाच्या सीडीतून मिळालेलं, थोड्या दिवसांसाठीचं होतं. त्याचीही तब्येत तशीच होती म्हणायची.

रेषा कापऱ्या होत्या. प्रोग्राममध्ये रेषा गुळगुळीत करायची सोय होती, ती मी एकदा वापरून बघितली. देव साबणाच्या वेष्टनावरचा दिसायला लागला. मी ते रद्द केलं. कापऱ्या रेषांनी पापणी अशी वर जायची, की दुपारी आडवा झालेला माणूस कोणीतरी हाक मारली म्हणून उठतोय. पडदा जसा दिसतो तसा कागदावर छापून मी आईला दाखवला.

"ह्यांच्यासारखाच उठतोय," आई म्हणाली. "आता चहा मागंल."

पान तयार झालं. मी ते चढवलं आणि हैबतरावांना कळवलं. त्यांचं उत्तर आलं.

"चिरंजीव सुशील, डोळे पाहिले. माझी पत्नी रडली. मी पान तपासणीच्या साईटवर टाकले. पान नापास आहे. कृपया दुरुस्त करावे."

आता इथे थोडं समजावून सांगावं लागेल. इंटरनेटचं पान बघायला तेव्हा दोन प्रोग्राम होते, एक्सप्लोरर आणि नेटस्केप, आणि पानात हलतं चित्र बसवायला दोन टॅग, म्हणजे पान लिहिताना घालायच्या खुणा. एक ऑब्जेक्ट. तो पान लिहायच्या नियमात होता आणि एक्सप्लोररला कळायचा. दुसरा एम्बेड. तो नियमात नव्हता, कोणत्याच यादीत त्याचं नाव नव्हतं, पण नेटस्केपला तोच कळायचा. म्हणून सगळी दुनिया ऑब्जेक्टच्या पोटात एम्बेड घालून मोकळी व्हायची. चित्र दोन्हीकडे हलायचं आणि तपासणीत पान नापास व्हायचं. दुनियेला त्याचं काही नव्हतं. दुनिया नापास होऊनच इथवर आली होती.

हैबतरावांना होतं. मी त्यांना लिहिलं की काका, सगळे असंच करतात. त्यावर त्यांनी सविस्तर कळवलं. आदल्या वर्षी मोदकांच्या आकारावरून मंडळ फुटता फुटता वाचलं होतं. तेव्हापासून ठराव होता: मंडळाच्या नावाने जे जे होईल ते लिखित प्रमाणात बसलं पाहिजे. ढोल डेसिबलमध्ये, मोदक ग्रॅममध्ये आणि पान एचटीएमएल चारमध्ये. ठराव त्यांनीच मांडला होता. विरोधी गट बसलाच होता तपासणीची साईट उघडून.

मी एम्बेड काढला आणि त्या जागी, चित्र हललं नाही तर दिसावा म्हणून, एक साधा फोटो ठेवला. नियमात हे बसतं. नियम म्हणतो, ज्याला हलतं दिसत नाही त्याला निदान स्थिर काहीतरी दाखवा. फोटो पहिल्या चित्राचा होता. पापण्या मिटलेल्या.

पान तपासणीला टाकलं. पास. हिरवी पट्टी. मग नेटस्केपमध्ये उघडलं. गणपती डोळे मिटून बसला होता. मी वाट बघितली. तो बसलेलाच होता.

आणि हैबतरावांच्या हॉलमधल्या कॉम्प्युटरवर नेटस्केप होतं. एक्सप्लोरर चालणार नाही असा ठराव होता, तो विरोधी गटाचा.

दिनानाथ सरांनी माझ्या खांद्यावरून हिरवी पट्टी वाचली. "झिरो मिस्टेक?"

"हो सर."

"वा! चाळीसच्या स्पीडला मी जन्मभर पोरांना हेच सांगत आलो. मग तोंड का पाडलंयस?"

"डोळे उघडत नाहीत."

"कोणाचे?"

"देवाचे."

"चूक दाखवतोय का कुठं?"

"नाही."

"मग उघडतील सवडीने," सर म्हणाले. "टॅली घे."

मी घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. दोन पानं आहेत. एक नापास आहे, त्यात डोळे उघडतात. एक पास आहे, त्यात मिटलेले राहतात.

"म्हणजे आंधळा गणपती पाठवतोस?"

"आंधळा नाही बाबा, मिटलेले आहेत."

"मिटलेले आमच्याकडं कोण घेत नाय. पाच दिवस माणसं नवस बोलणार आणि हा झोपलेला?"

"नियमात एवढंच बसतंय."

"कोणी केला नियम?"

"एक समिती आहे."

"त्यात आखणीवाला कोण हाय?"

"कोणी नाही."

"मग ठीक," बाबा म्हणाले. समितीवर त्यांचा राग दिसला नाही. कान्हूशेठवरही नव्हता. "मी येतो रोह्याला. बघतो आधी कसे उघडतात. नाय नीट उघडत तर झाकलेलेच जाऊ दे, लाज तरी राहील. नीट उघडत असतील तर त्या हैबतरावाला मी सांगतो. तू लिही, मी अंगठा देतो."

"तुम्हाला सही येते की."

"ती कापते."

दुसऱ्या दिवशी बाबा पांढरा सदरा घालून, खांद्यावर पंचा टाकून पॅसेंजरमध्ये खिडकीशी बसले. आई दारापर्यंत आली आणि म्हणाली, छातीवर वारा घेऊ नका. कासूला त्यांनी विचारलं, आता किती राहिलं. निडीला विचारलं नाही. रोह्याचा जिना चढताना मध्ये दोनदा थांबले आणि दोन्ही वेळा भिंतीचा रंग हाताने तपासून बघितला, म्हणजे थांबण्याला कारण राहील.

क्लासमध्ये टॅलीची बॅच बसली होती. मी बाबांना नेटस्केपच्या मशीनसमोर बसवलं आणि नापास पान लावलं. फाईल जड होती. जेवढं यायचं तेवढं दिसायचं, पुढचं यायची वाट बघायची. लाईन बारीक होती. आधी मुकुट आला. सोंड आली. उजवी पापणी थरथरली आणि हळूहळू वर गेली. बाबा पुढे झुकले. त्यांनी मान तिरकी केली, कारखान्यात करायचे तशी. उजवा डोळा पुरा उघडला.

आणि लाईन तुटली. मागच्या खोलीत सरांच्या पत्नी सीताबाई राहायच्या. त्यांनी बहिणीला फोन लावायला रिसीव्हर उचलला होता. फोन एकच होता.

पडद्यावर गणपती एका डोळ्याने रोहा बघत होता.

बाबांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि मॉनिटरवर टाकला. दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि बसले.

मला रीत माहीत होती. बॅचला नव्हती. मी ओठांवर बोट ठेवलं. एका स्टोअरकीपरला वाटलं, कोणी गेलं. त्याने टोपी काढली. दुसऱ्याने त्याचं बघून चपला काढल्या. मग सगळ्यांनी काढल्या. दिनानाथ सर आत आले, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि हे सगळं बघून मिटलं. टायपिंगच्या परीक्षेत सुपरवायझर आला की जसे उभे राहायचे तसे भिंतीला लागून उभे राहिले.

मी मॉडेमचा आवाज बंद करून पुन्हा फोन लावला. एंगेज. सीताबाईंची बहीण बोलकी होती. पुन्हा लावला. लागला. पान पहिल्यापासून उतरायला लागलं. पंच्याखाली काय चाललंय ते दिसत नव्हतं. पण दुसरा डोळा उघडला की मागचं आभाळ पिवळं होईल असं मी केलं होतं, त्यामुळे पंच्याकडे बघत बसलो. कोणाला तरी शिंक आली. त्याने शिंकून झाल्यावर हात जोडले. एकजण झोपला, पण नेहमीसारखा घोरला नाही. वर पंखा फिरत होता. बाबांचा सदरा त्याने हलत होता.

पंचा पिवळा झाला.

म्हणजे दुसरा डोळा उघडला होता. पंचा आता बाबांनी काढायचा होता. त्यांनी काढला नाही. मला वाटलं, खात्री करतायत. कारखान्यातही आखणी संपल्यावर ते जरा वेळ तसेच बसायचे, आणि कोणी घाई केली की चिडायचे. मी थांबलो. सगळेच थांबले. इतकी शिस्त त्या क्लासने आधी कधी बघितली नव्हती.

मी त्यांच्या हाताकडे बघितलं. हात कापत नव्हता. मला बरं वाटलं.

शेवटी दिनानाथ सर पायांचा आवाज न करता आले आणि माझ्या कानात म्हणाले, "सुशील, पुढची बॅच जिन्यात उभी आहे."

मी म्हणालो, "बाबा, झालं."

रीतीप्रमाणे आता बोलायला हरकत नव्हती.

डॉक्टर आले. ते म्हणाले, बराच वेळ झाला असावा, कोणाच्याच लक्षात कसं आलं नाही? मी म्हणालो, सगळे गप्प होते. हे उत्तर त्यांना पटलं नसावं. बाबांनी प्राण दुसरा डोळा उघडायच्या आधी सोडला की नंतर, हे त्यांना सांगता येईना. मी विचारलं तेव्हा त्यांनी मलाच पाणी प्यायला दिलं. एका स्टोअरकीपरच्या कंपनीचा टेम्पो मिळाला. नागोठण्याच्या पुढे मी एकदा म्हणालो, "कासू आलं बाबा," आणि टेम्पोवाल्याने आरशात बघितलं.

आई रडली. मी टेम्पोतून उतरताना कोणाचं काही राहिलं का ते बघितलं. पंचा राहिला होता. तो रोह्याला मॉनिटरवरच होता. ज्याने टाकला त्याने काढायचा, म्हणून तो कोणी काढला नाही. सरांनी ते मशीन नेहमीच्या पद्धतीने बंद केलं, पंच्यासकट, आणि बॅच बाजूच्या मशीनवर हलवली.

तेरावं झाल्यावर मी रोह्याला गेलो. हैबतरावांच्या तीन मेल होत्या. पहिल्यात पान कधी, दुसऱ्यात पान कधी, तिसऱ्यात कान्हूशेठकडून कळलं, फार वाईट झालं, आणि पान कधी. मी पास झालेलं पान पाठवलं. फार विचार केला नाही. ते पास होतं. घरात पास झालेलं तेवढंच होतं.

चतुर्थीनंतर त्यांचं सविस्तर उत्तर आलं. हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर पान उघडलं. विरोधी गटाने तिथल्या तिथे तपासणी मागितली. पान शून्य चुकांनी पास झालं. टाळ्या पडल्या. ध्यानस्थ मूर्ती सर्वांना भावली, असं काही वेगळं पेणच्या कलाकारांनाच सुचतं, असं एक वयस्कर सभासद म्हणाले. मूर्तीखाली ओळ होती: डोळे, जनू, पेण. त्या नावासाठी मंडळाने स्तब्धता पाळली. ती किती वेळ पाळावी याचं लिखित प्रमाण नसल्यामुळे पुढच्या सभेत विषय घेतला आहे.

काही जणांच्या घरी एक्सप्लोरर असणार. त्यांच्याकडे डोळे उघडले असतील. त्यांनी काही कळवलं नाही.

घरी आलो तेव्हा आई पडवीत बसली होती. बाबांची कपबशी ती अजून रोज धुवून पालथी ठेवते.

"झालं का रे त्यांचं? दिसलं तिकडं?"

"पान पास झालं, आई."

"तुझं पासनापास नाय विचारत. उघडले का डोळे?"

मी म्हणालो, "टाळ्या पडल्या."

आईने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. दोन्ही डोळ्यांनी. मग आत जाऊन चहा टाकला. कप तिने तीन घेतले आणि एक परत फळीवर ठेवला. मी बशी एका हाताने धरली. ती वाजली नाही. त्या रात्री मी व्यवस्थित झोपलो, दुसऱ्या दिवशी पॅसेंजर पकडली, कासू आलं, निडी आलं, टॅली शिकवली. दुपारी क्लास रिकामा होता तेव्हा झाकलेल्या मशीनच्या बाजूच्या मशीनवर बसून खालील अर्ज टाइप केला. दिनानाथ सरांनी तो तपासला. झिरो मिस्टेक.

प्रति,
मा. सचिव,
वेब पानांचे प्रमाण ठरविणारी समिती.

विषय: एम्बेड टॅग एका पानापुरता, एका दुपारपुरता ग्राह्य धरण्याबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, अर्जदाराचे वडील कै. जनू, राहणार रामवाडी, पेण, यांनी काढलेले डोळे सदर टॅगशिवाय उघडत नाहीत. सबब सदर टॅगचा समावेश आपल्या प्रमाणात पूर्वलक्षी प्रभावाने, ते रोह्याचा जिना चढण्यापूर्वीच्या तारखेपासून, करण्यात यावा. पान आधीच पास असते तर ते बघायला आले नसते.

हे नियमात बसत नसल्यास, निदान दोन्ही डोळे पुरे झाल्याचे आपल्या कार्यालयाकडून लेखी प्रमाणित करण्यात यावे, आणि सदर इसमास पंचा काढून खुर्चीवरून उठण्याची परवानगी देण्यात यावी.